वरचा, खालचा आणि मी डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा डबा नव्हे. दुकानात कॅमेरे लावले की ते जे बघतात ते साठवायला एक काळी चपटी पेटी लागते, ती मी. कारखान्यानं मला आकड्या-अक्षरांचं लांबलचक नाव दिलं होतं, पण ते या दुकानात कुणाच्या तोंडात बसलं नाही. खोक्यातून मला बाहेर काढता काढता धाकटा म्हणाला, "एवढा गाजावाजा केला आणि आत काय, तर नुसता डबा." तेव्हापासून मी डबाच.

दुकान खिळे-स्क्रूंचं. बिजागऱ्या, कड्या, हँडलं, वॉशर, म्हणजे दारं आणि कपाटं जागच्या जागी ठेवायला जे काही लागतं ते सगळं. दोघे सख्खे भाऊ चालवायचे. थोरला खाली काउंटरवर, धाकटा दोन मजले वर गोदामात. मधल्या मजल्यावर शिवणक्लास. तिथल्या मशीनी दिवसभर घरघरत असायच्या, त्यामुळे वरून खाली ओरडून काही उपयोग नव्हता. माल यायचा तो इमारतीच्या मागच्या अंगानं, कप्पीवरून सोडलेल्या टोपलीतून. टोपलीला घंटी बांधलेली. ती मागच्या खिडकीशी वाजली की थोरल्यानं वळायचं, माल उचलायचा आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचा.

मला ठेवलं वर, धाकट्याच्या टेबलावर. शेजारी चित्र दाखवणारा एक पडदा. माझे डोळे मात्र सगळे खाली. आणि कान होते ते वरच्या खोलीपुरते, कारण खालच्या कॅमेऱ्यांना आवाज कळत नसे. त्यामुळे माझी मोठी पंचाईत असायची. थोरला मला दिसायचा, पण ऐकू यायचा नाही. धाकटा ऐकू यायचा, पण दिसायचा नाही. सबंध माणूस असा मला त्या दोघांतला एकही मिळाला नाही.

सुरुवातीचे दिवस छान होते. मालाची मागणी फोनवर यायची. "तीन इंची बिजागरी, चार नग, आणि पाणी पिऊन घे, सकाळपासून प्यायला नसशील," असं काहीतरी थोरला सांगायचा असणार, कारण धाकटा इकडे "हो रे बाबा, पितो," म्हणायचा आणि मग खरंच माठाचं झाकण वाजायचं.

मग भांडण झालं. कशावरून ते सांगितलं तर तुम्ही हसाल. त्यांच्या वडिलांचा एक जुना तराजू होता. पूर्वी खिळे वजनावर विकत, तेव्हाचा. थोरल्यानं एक दिवस तो भंगारात देऊन टाकला. धाकट्याला कळलं आणि त्यानं फोनवर काहीतरी फाडकन सुनावलं. थोरला जिना चढून वर आला, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"बाबांचा तराजू मला न विचारता दिलास?"

"त्यात विचारायचं काय? गंजून चाळण झाली होती त्याची."

"त्या पारड्यात तू मला बसवायचास, दादा. दुसऱ्या पारड्यात खिळे टाकून मला मोजायचास."

यावर थोरल्यानं नुसतं "चुकलं रे" म्हटलं असतं, तर मला आज हे सांगावं लागलं नसतं. पण माणसं कामाचा शब्द नेमका गिळतात आणि बिनकामाचा बोलतात. तो म्हणाला, "मग काय जन्मभर पारडी सांभाळत बसायचं?"

"तुला सगळंच भंगार."

"तोंड आवर, बारक्या."

बारक्यानं तोंड आवरलं. असं आवरलं की पुन्हा उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तो धाकट्यानं उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. पडद्यावर मी थोरल्याला बघत होतो. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं. थोरल्यानं फोन ठेवला, मान वर करून थेट माझ्या डोळ्यात पाहिलं, दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले-मिटले आणि मग तीन बोटं दाखवली. धाकट्याची खुर्ची करकरली. खोकी सरकली. मग कप्पी फिरली, टोपली गेली. टोपलीत तीन इंची बिजागरी होती.

त्या दिवसापासून त्यांचं दुकान माझ्यातून चालू लागलं. मूठ आपटली की खिळे. हवेत बोट फिरवलं की स्क्रू. बोटाचा आकडा करून ओढला की कडी. मग माप, मग नग. चुकलं तर हात आडवा हलवायचा. दुकान बंद करायचं असेल तर तळवा हळूहळू खाली आणायचा, शटर उतरल्यासारखा. धाकट्याचं उत्तर म्हणजे टोपली. बाकी त्याला दुसरं उत्तर द्यायची सोयच नव्हती.

एकमेकांची नावं गेली. थोरला झाला 'खालचा' आणि धाकटा झाला 'वरचा'. वहिनी, म्हणजे खालच्याची बायको, कधीमधी किल्ली द्यायला वर यायची. वरचा तिला म्हणायचा, "वहिनी, खालच्यांना सांगा, वॉशर संपत आलेत." ती म्हणायची, "भाऊजी, ते खाली आहेत आणि तुम्हाला पाय आहेत." वरचा हसायचा. पाय होते, पण जिना मागचा वापरायचा. यायचा तो थोरल्याच्या आधी आणि जायचा तो शटरची खूण झाली की लगेच.

आता त्यांना वेडे म्हणायचं तर म्हणा. पण एक गोष्ट मी रोज पाहिली आहे. शटरची खूण करून झाली, वर वरच्याची पावलं मागच्या जिन्यानं निघून गेली, की दिवा मालवायच्या आधी खालचा कॅमेऱ्याकडे मान वर करून उभा राहायचा. उगाचच. तेव्हा पडद्यासमोर कुणी नसायचं, मी एकटा असायचो.

अशी वर्षं गेली. माझे डोळे मुळात साधे, त्यात धूळ बसून अजून अधू झाले. पडद्यावर थोरला म्हणजे नुसता करडा ठिपका, त्याला हात फुटलेले. तिकडे वरच्याचीही नजर कमी झाली होती. तो खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ ओढायचा की मला त्याचा श्वास ऐकू यायचा. "दोन की तीन? नीट धर ना हात," असं स्वतःशी पुटपुटायचा. दोनच्या जागी तीन जायला लागलं, कडीच्या जागी हँडल. खाली हात आडवा हलायचा, पुन्हा हलायचा.

गिऱ्हाइकं चिडायची. थोरला चिडला नाही. त्यानं एक दिवस काउंटरमागच्या फळीवर काळं फडकं टांगलं आणि त्याच्यापुढे हात धरून बोटं दाखवायला लागला, म्हणजे वरच्याला उठून दिसावीत. मी पुष्कळ माणसं बघितली आहेत. बहुतेक जण दुसऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्यावर खेकसतात. हा फडकं टांगणारा माणूस होता.

फडक्यानंही भागेना, तेव्हा एका सकाळी, वरचा यायच्या आत, जिन्यावर दोघांची पावलं वाजली. एक हलकी, भरभर. दुसरी थांबत थांबत. दार उघडलं आणि कुणीतरी बराच वेळ नुसता दम खात राहिलं. मग आवाज आला आणि मी ओळखला. इतकी वर्षं ज्याला बघत होतो त्याला मी भांडणानंतर पहिल्यांदा ऐकत होतो.

"हा डबा," तो म्हणाला.

सोबत कॅमेरे बसवणाऱ्या बाई होत्या. फटकळ होत्या, पण हाताच्या हलक्या. त्यांनी माझी पाठ चाचपली, तारा हलवून पाहिल्या. "मालक, खाली नवे कॅमेरे टाकणारच आहात तर हे खटारंही काढून टाका. सगळं एकदम नवं करू. हा भंगारात जाईल."

"नाही."

"अहो, याच्यात आता आहे काय?"

"वरच्याला याची सवय आहे. कुठलं बटण कुठं, ते त्याच्या हाताला माहितीय. नवं आणलं तर त्याला कोण शिकवणार? मी तर शिकवू शकत नाही." मग तो म्हणाला, "आणि भंगारात एकदा एक वस्तू दिली होती मी. अजून निस्तरतोय."

बाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग राहू दे. तारा त्याच चालतील, डबा नव्या कॅमेऱ्यांनाही चालेल. फक्त एक आहे. नवं चित्र मोठं असतं आणि याच्या पोटात जागा तेवढीच. आधी महिनाभराचं मागचं राहायचं, आता आठवडाभराचं राहील. त्याच्या आधीचं आपोआप पुसून त्यावर नवं बसेल."

"आठवडा पुष्कळ झाला. मागचं बघायचंय कुणाला?"

ज्या कारणासाठी माणसं मला फेकतात, त्याच कारणासाठी त्यानं मला ठेवलं. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

दुपारपर्यंत नवे डोळे बसले. काय सांगू तुम्हाला. काउंटरवरचा ओरखडा न् ओरखडा दिसायला लागला, बरणीतल्या स्क्रूंचे आटे दिसायला लागले. आणि त्या सगळ्याच्या मधोमध थोरला दिसला. वरचा नेहमीसारखा खुर्ची ओढून बसला आणि त्यानं पडदा सुरू केला. मला वाटलं तो म्हणेल, वा, काय झकास दिसतंय. त्यानं खुर्ची आणखी पुढे ओढली. मग अगदी हळू म्हणाला, "एवढा म्हातारा कधी झाला हा?"

खरंच झाला होता. गाल आत गेलेले. गळ्याशी शर्ट सैल. गिऱ्हाईक नसलं की डावा खांदा चोळायचा, काउंटरला हात टेकून उभा राहायचा. ठिपक्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. वरच्याला इतकी वर्षं वाटत होतं की आपण ज्याच्याशी बोलत नाही तो अजून तसाच आहे, रागीट, ताठ, तोंड आवर म्हणणारा.

त्यानंतर वरचा पडद्याशी बोलायला लागला. "डॉक्टरकडे गेला होतास का?" "बस जरा. सारखा उभा काय राहतोस." "जेवला नाहीस अजून, दोन वाजून गेले." मी ऐकत होतो. ज्याच्यासाठी होतं त्याला काही पोचत नव्हतं. मी साठवायला बनलोय, पोचवायला नाही.

पोचत होती ती टोपली. वरच्यानं जड माल एकदम पाठवायचं बंद केलं. खिळ्यांचा एक गठ्ठा असेल तर दोन खेपांत, तोही फोडून. पहिल्यांदा अर्धाच माल आला तेव्हा थोरल्यानं हात आडवा हलवला. मग दुसरी खेप आली. तो टोपलीत बघत राहिला, मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. नव्या डोळ्यांनी मला त्याचं तोंड स्वच्छ दिसलं आणि ते कसं झालं होतं हे मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला होता.

संध्याकाळी वरचा गेल्यावर कॅमेऱ्याकडे बघायची त्याची सवय तशीच होती. आता मात्र मला दिसायला लागलं की तो नुसता बघत नसे, त्याचे ओठ हलायचे. तो काहीतरी म्हणायचा. दोनच शब्द असतील. मला ऐकू यायचं नाही.

मला वाटायला लागलं होतं की हे दोघे आता बोलतील. आज नाहीतर उद्या. वरचा जिन्यापर्यंत जाऊन परत यायचा, ते मी ऐकायचो. दोन पायऱ्या, तीन पायऱ्या, मग उलट. "उद्या बघू," म्हणायचा. त्याला भीती एवढीच होती की आपण गेलो आणि त्यानं तोंड फिरवलं तर.

तो दिवस साधाच होता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. थोरला स्टुलावर बसला होता. एकदम उठला. एक हात काउंटरवर घट्ट धरला, वर पाहिलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली. ना बिजागरी, ना कडी, ना खिळे. ती खूण त्यांच्या दुकानाच्या भाषेत नव्हतीच. सगळी माणसं करतात तीच. चारी बोटं आपल्याकडे वळवून, ये.

वरच्याची खुर्ची मागे सरकली. "बोलावलं," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "दादानं बोलावलं मला." आणि हसला. त्याचं ते हसणं अजून माझ्यात आहे. पोटात नाही, पोटात फक्त चित्रं राहतात. दुसरीकडे कुठंतरी.

तो धावत सुटला असता तर. पण त्याच्या अंगात तेलकट शर्ट होता. इतक्या वर्षांनी भावासमोर जायचं ते असं? मी नळ ऐकला. तोंड धुतलेलं ऐकलं. घरी जाताना बदलायचे कपडे ठेवलेलं कपाट उघडलं, हँगर सरकले, एक शर्ट झटकला, ठेवला, दुसरा झटकला. कंगवा ऐकला. "काय म्हणू?" तो स्वतःला विचारत होता. "चुकलं म्हणू? तो म्हणेल तेव्हा म्हणू. नको, मीच आधी म्हणतो. नाहीतर काहीच म्हणत नाही, नुसता जाऊन उभा राहतो." त्याची पाठ पडद्याकडे असणार, कारण पडद्याकडे तोंड असतं तर त्यानं बटणं लावली नसती.

पडद्यावर थोरल्यानं पुन्हा बोटं वळवली. या वेळी थोडीच. मग काउंटरवरचा हात सुटला आणि तो खाली सरकत काउंटरच्या मागे गेला. तिथलं मला दिसत नाही. मला फक्त स्टूल दिसत राहिलं आणि काळं फडकं.

मला एक आवाज काढता येतो, बारीकशी शिट्टी. पण ती कधी वाजवायची हे मला कारखान्यात शिकवून ठेवलंय. तार तुटली तर. कॅमेरा बंद पडला तर. तेव्हा एकही तार तुटली नव्हती. चित्र अगदी स्वच्छ येत होतं.

वरचा शीळ घालत जिना उतरला.

मग तो पडद्यावर आला. इतक्या वर्षांत मी त्याला स्वच्छ पाहिलं ते पहिल्यांदा. भांग पाडलेला, फिकट निळा शर्ट, घडीच्या रेषा अजून न मोडलेल्या. थोरल्यासारखंच नाक. तो काउंटरसमोर गिऱ्हाइकासारखा उभा राहिला आणि इकडेतिकडे बघून हसला, भाऊ मागे टोपलीशी असेल असं वाटून. थोडा वेळ थांबलाही, बोलावलंय तर येईलच म्हणून. मग त्यानं काउंटरवरून वाकून पाहिलं.

त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. त्यानं हाक मारली. दादा म्हणूनच मारली असणार. तीही मला ऐकू आली नाही आणि ज्याला मारली त्यालाही नाही.

काही दिवसांनी वहिनी वर आली. "भाऊजी, मला ते दाखवा."

"नका बघू, वहिनी."

"माझा नवरा होता तो. दाखवा."

त्यानं दाखवलं. मला माहीत होतं कुठून कुठपर्यंत दाखवेल, कारण तो तेवढाच तुकडा रोज लावायचा. ये म्हणणारा हात, पुन्हा हात, स्टूल. मागे न्यायचा आणि पुन्हा लावायचा. आदल्या संध्याकाळचा तुकडा त्याच्या अगदी शेजारी पडून होता, ओठ हलतात तो. तिथवर तो कधी गेलाच नाही. शटरच्या खुणेनंतर दुकानात बघण्यासारखं काही घडतं हेच त्याला माहीत नव्हतं, तर तो मागे कशाला जाईल?

"हात केला त्यांनी तुम्हाला," वहिनी म्हणाली.

"हो."

"दोनदा."

"मला एकदाच दिसला. मी शर्ट बदलत होतो."

 खाली शिवणक्लासच्या मशीनी चालू होत्या. वरचाच पुन्हा म्हणाला, "मळका होता, वहिनी. म्हटलं इतक्या वर्षांनी दादासमोर जायचं, तर जरा नीट जावं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडायचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "हे रोज सकाळी आरशासमोर उभे राहायचे. दोन बोटं, तीन बोटं. मला विचारायचे, लांबून नीट दिसतं का गं? बारक्याला ताण पडतो डोळ्यांना."

मग वरचा रडला. माणसाचं रडणं मी याआधी फक्त पाहिलं होतं. ऐकलं त्या दिवशी.

आता वर कुणी बसत नाही. वरचा खाली काउंटरवर असतो, कारण दुकान चालवायचं तर तिथं कुणीतरी हवं. पडदा त्यानं चालूच ठेवलाय, त्याच्यासमोर रिकामी खुर्ची आहे. माझं पोट रोज भरतं आणि रोज मागचं पुसतं. आदल्या संध्याकाळचे ओठ परवा गेले. ये म्हणणारा हात काल गेला. मला थांबवता आलं नाही, माझं कामच ते आहे. त्या जागेवर आता धाकट्याचं चित्र बसलंय, त्याच काउंटरवर, त्याच काळ्या फडक्यापुढे. त्यानं फडकं काढलेलं नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या दुकानात गेलात, काही मागितलंत, आणि तो माणूस उत्तर न देता वर बघून बोटं दाखवायला लागला, तर हसू नका आणि घाईही करू नका. जरा उभे राहा.

कारण हे दिवसातून पुष्कळदा होतं. गिऱ्हाईक येतं. धाकटा ऐकून घेतो, मान वर करतो, तळवे उघडतो-मिटतो आणि मला तीन बोटं दाखवतो. मला स्वच्छ दिसतात. तीन इंची बिजागरी, हे मला त्याच्याइतकंच कळतं. तो हात तसाच धरून टोपलीची वाट बघतो. मग त्याच्या लक्षात येतं. तो हात खाली घेतो, जिन्याकडे वळतो, आणि त्याची पावलं मला जवळ जवळ येताना ऐकू येतात. थांबत थांबत येतात, थोरल्याची आली होती तशी. तो वर येतो, खोक्यातून बिजागरी काढतो आणि हातात धरून खाली न्यायची सोडून टोपलीत ठेवतो. कप्पी फिरते. खाली खिडकीशी घंटी वाजत असणार. तिथं घ्यायला कुणी नसतं, म्हणून तो पुन्हा जिना उतरायला लागतो.